वळणावर बंद पडलेली स्नोमोबाईल

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं. माझी मामेबहीण संपदा तर स्पष्ट म्हणते, "कुणाला पटवत बसायला मला वेळ नाही. घडलं ते घडलं." ती स्वतः कधी सांगत नाही. म्हणून मी सांगते आहे, तिला विचारून.

आणि भुतंखेतं फक्त मध्यरात्रीच भेटतात असं डोक्यात असेल, तर ते आधी काढून टाका.

हे सगळं दिवसाउजेडी घडलं.

फेब्रुवारी २००७. जपान. नागोयाहून उत्तरेला गिफूचे डोंगर लागतात, तिथे अगदी वर एक छोटं लॉज होतं. लाकडाचं, उतरत्या पत्र्याच्या छपराचं. हिवाळ्यात तिथे बर्फ माणसाच्या डोक्यावरून जातो.

संपदा पुण्याची. शिकली मेकॅनिकल इंजिनिअरिंग, पण तेव्हा सगळेच जात होते तशी आयटीत गेली. कंपनीने तिला आणि तिच्या नवऱ्याला, अंबरीषला, नागोयाला पाठवलं होतं. काम काय, तर गाडीच्या इंजिनात पेट्रोल किती सोडायचं हे ठरवणारं सॉफ्टवेअर लिहायचं.

पण तिचा खरा जीव जुन्या इंजिनांत. कॉलेजात तिच्या वाट्याला काकांची टू-स्ट्रोक स्कूटर आली होती. ती रोज बंद पडायची. मग ही भर कर्वे रोडवर स्कूटर आडवी करायची, प्लग काढून ओढणीला पुसायची, आणि आजूबाजूला "मी बघू का मॅडम?" म्हणणारे जमले की त्यांना म्हणायची, "बघा ना, लांबून बघा."

अशी ही बाई.

सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला, म्हणून दोघं त्या लॉजवर गेली. दुसरे पाहुणे नव्हतेच. लॉज चालवणाऱ्या हायाशी-सान म्हणजे सत्तरीच्या, बारीक अंगाच्या, ताठ कण्याच्या बाई. एकट्याच राहायच्या. तिकडे नावापुढे आदराने 'सान' लावतात, तशा त्या संपदाला 'सानपादा-सान' म्हणायच्या, आणि अंबरीष दर वेळी पोट धरून हसायचा, नवी मुंबईच्या लोकलमधली घोषणा करायचा. "पुढील स्टेशन जुईनगर!"

पहिल्या दिवशी दुपारी तिघं चहा घेत बसली होती. बाहेर स्वच्छ ऊन. बर्फावरून इतका उजेड येत होता की डोळे मिटावेत.

आणि मागच्या बाजूने आवाज आला...

टर्रर्र... टर्रर्र... फट्... टर्रर्र...

संपदाचे कान टवकारले. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज ती झोपेतही ओळखेल.

"मागे कोण गाडी चालवतंय? त्यांना सांगा, याला ऑइल कमी पडतंय. असंच चालवलं तर इंजिन जाम होईल."

हायाशी-सानच्या हातातली किटली हवेतच थांबली.

"इथे आपण तिघंच आहोत," त्या हळूच म्हणाल्या.

"कसला आवाज?" अंबरीष म्हणाला. "मला तर काहीच ऐकू येत नाहीये."

टर्रर्र... फट्...

मग बंद.

हायाशी-सान खाली बघत राहिल्या. पण त्यांनी 'कसला आवाज' असं विचारलं नाही... हे संपदाच्या लक्षात आलं.

ती उठली. बूट चढवले आणि मागे गेली. लॉजच्या मागे एक शेड होती. शेडच्या दाराला गुडघ्याच्या वर बर्फ टेकलेला. अगदी गुळगुळीत. एक पाऊल नाही. चाकाची, पट्ट्याची, कसलीच खूण नाही.

त्या दारातून कित्येक दिवसांत काहीच बाहेर पडलं नव्हतं.

दुसरी कुणी असती तर परत फिरली असती. संपदाने फावडं घेतलं, बर्फ बाजूला केला आणि दार ढकललं.

आत अंधार. थंडी बाहेरच्यापेक्षा जास्त. मधोमध ताडपत्रीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं.

तिने ताडपत्री ओढली.

जुनी पिवळी स्नोमोबाईल. पुढे चाकांच्या जागी दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, मध्ये लांब सीट. रंग उडालेला. हँडलला कोळ्याची जाळी. इंजिनाच्या झाकणावर धूळ.

तिने वाकून सायलेन्सरला हात लावला...

तो गरम होता.

चटका बसेल इतका नाही. पण गरम.

त्या संध्याकाळी हायाशी-साननी सांगितलं. फार नाही, दोन-चार वाक्यांत.

गाडी त्यांच्या नवऱ्याची. तेत्सुओ-सान. लॉजपासून जंगलातून एक जुनी वाट खालच्या गावात उतरते, तिथून ते येजा करायचे. काही हिवाळ्यांपूर्वी असेच निघाले आणि अर्ध्या वाटेवर, दोन मोठ्या देवदारांपाशी जे वळण आहे, तिथे इंजिन जाम झालं. वादळ होतं. दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांना सापडले, ते गाडीवरच बसलेले.

"गाडीचं तोंड खाली गावाकडे होतं," हायाशी-सान म्हणाल्या. "पण ते उलटे बसले होते. घराकडे तोंड करून."

"का?"

"मी इथेच आहे ना, हे बघायला."

संपदाला नीट कळलं नाही. अंबरीषने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबरीष त्यांची कार घेऊन खाली गावात गेला, दूध आणि भाजी आणायला. तो निघाला आणि आभाळ भरून आलं. बघता बघता समोरची झाडं दिसेनात. दुपारच्या सुमारास लॉजचा फोन वाजला.

"अगं, रस्त्यावर कडा कोसळलाय बर्फाचा," अंबरीष म्हणाला. "रस्ता बंद. उद्या सकाळी मशीन आणून साफ करणार म्हणतात. तुम्ही दोघी घरातच थांबा. आणि संपदा... उगाच काही उद्योग करू नकोस."

"मी काय उद्योग करणार आहे?"

फोन ठेवला आणि बाहेर धडाड् असा आवाज झाला.

हायाशी-सान मागच्या बुटक्या छपरावरचा बर्फ ओढून पाडत होत्या. बर्फाबरोबर पत्र्याची एक पट्टी सुटून खाली आली होती, आणि त्यांचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला होता.

पांढऱ्या बर्फावर लाल रंग इतका पसरलेला संपदाने कधी बघितला नव्हता.

तिने त्यांना आत आणलं. टॉवेल घट्ट बांधला. हात वर धरायला लावला. टॉवेल भिजला. दुसरा बांधला. तोही भिजायला लागला.

"मी रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेते," हायाशी-सान अगदी शांतपणे म्हणाल्या, जणू काही चूक झाली म्हणून माफीच मागत होत्या.

संपदाने ११९ फिरवला, तिथला अॅम्ब्युलन्सचा आणि आगीचा नंबर. अग्निशमन केंद्रातला माणूस सभ्य होता. रस्ता बंद आहे, या हवेत हेलिकॉप्टर उडणार नाही, आमची माणसं चालत निघतील पण पोचायला रात्र होईल. तोवर हात वर धरून ठेवा.

"रात्रीपर्यंत त्या टिकणार नाहीत," संपदा म्हणाली. "जंगलातल्या वाटेने मी त्यांना खाली आणते. तिथे टोकाला अॅम्ब्युलन्स उभी करा. आणि माझा नवरा गावातच आहे, त्याला सांगा."

"मॅडम, कृपा करून तसं करू नका, ती वाट—"

फोन मेला. नुसती घरघर.

ती वळली. हायाशी-सान तिच्याकडेच बघत होत्या.

"ती गाडी नाही, सानपादा-सान."

"दुसरी कुठली आहे का?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

संपदाने त्यांना ब्लँकेटात गुंडाळून शेडमध्ये नेऊन बसवलं, डोळ्यांसमोर. हत्यारांची पेटी भिंतीशी होतीच. पहिल्यांदा प्लग काढला. काळा आणि ओला. टॉर्च धरून आत बघितलं. दोरी हलकेच ओढली. पिस्टन वर आला, खाली गेला.

"जाम नाहीये!" ती ओरडली. "कोण म्हणालं जाम आहे? मोकळं आहे इंजिन!"

मग कार्बोरेटर. खालची वाटी उघडली तर आतल्या पेट्रोलचा नुसता डिंक झालेला, वॉर्निशसारखा वास. आतली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं पार बुजलेली. तिने तारेच्या ब्रशचा एक केस उपटला आणि त्याने एकेक भोक मोकळं केलं. तोंडाने फुंकर मारली. तोंडात पेट्रोलची चव आली आणि तिला एकदम पुण्याची आठवण झाली. बरं वाटलं.

बर्फ उडवायच्या यंत्रातलं ताजं पेट्रोल तिने काढून घेतलं.

राहिलं ऑइल. टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर ऑइल जळावं लागतं, नाहीतर पिस्टन तापून चिकटतो. या गाडीला ऑइलची वेगळी टाकी होती आणि एक छोटा पंप. टाकी भरलेली. पण नळी... कोरडी ठणठणीत. पंप ऑइल ओढतच नव्हता.

"यानेच घात केला असणार," ती स्वतःशी म्हणाली.

पंप दुरुस्त करायला वेळ नव्हता. मग तिने आपली जुनी स्कूटरवाली युक्ती केली. झाडं कापायच्या करवतीचं टू-स्ट्रोक ऑइल फळीवर होतं. ते सरळ पेट्रोलमध्येच ओतलं, जरा जास्तच, आणि डबा घुसळला.

हे सगळं करताना तिला पाठीमागे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं.

ती वळून बघायची... कुणी नाही. फक्त समोर हायाशी-सान, हात वर धरून बसलेल्या. पण त्यांची नजर संपदावर नव्हती. संपदाच्या खांद्याच्या जरा मागे होती.

तिने चोक ओढला, इंजिनाचा लाल स्विच चालू केला आणि दोरीकडे वाकली.

नजर वर गेली. चोक आत ढकललेला...

तिने पुन्हा ओढला. वाकली. या वेळी लाल स्विच बंद.

"असं का?" संपदा म्हणाली.

चिकटपट्टी घेतली. स्विचला तीन वेढे दिले, चोकला दोन. मग हवेत बघून, चक्क मराठीत म्हणाली,

"आता लाव हात."

शेडमध्ये काहीच हललं नाही.

तिने दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. खांदा भरून आला. शिव्या घातल्या. पुन्हा ओढली...

टर्र... टर्रर्रर्र...

इंजिन सुरू झालं! निळा धूर भसाभसा बाहेर पडला आणि सगळी शेड भरून गेली. खोकत खोकत संपदा हसली. "बघितलंत?"

हायाशी-सान हसल्या नाहीत. त्यांनी बोट दाखवलं.

धूर सगळीकडे पसरला होता. भिंतींपर्यंत, छतापर्यंत. पण गाडीच्या सीटवर एका जागी तो शिरत नव्हता. बाजूबाजूने वळत होता. मध्ये एक मोकळी जागा राहिली होती.

खांदे. पाठ. खाली घातलेली मान.

बसलेल्या माणसाएवढी मोकळी जागा.

संपदा म्हणते, त्या क्षणी ती खरंच दाराकडे पळणार होती. पण मग तिला हायाशी-सानचा टॉवेल दिसला. कोपऱ्यावरून थेंब पडत होते. टप... टप... आणि तिला भीतीपेक्षा राग आला. एक माणूस समोर मरतंय आणि हा बसलाय गाडी अडवून!

ती सरळ चालत गेली. सीटपाशी उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली. आणि त्या मोकळ्या जागेतच जाऊन बसली.

बर्फाच्या पाण्यात बसल्यासारखं वाटलं. दात वाजायला लागले. मग धूर मिटला, एकसारखा झाला.

तिने चोकची पट्टी सोडून तो आत ढकलला, हायाशी-सानना मागे बसवलं, शालीने आपल्या कमरेशी बांधून घेतलं आणि गाडी बाहेर काढली.

बर्फ पडत होता पण उजेड होता. सगळं पांढरट, करडं. वाट म्हणजे झाडांमधली रिकामी पट्टी. संपदाने आयुष्यात स्नोमोबाईल चालवली नव्हती. पण उजव्या हाताला गती, डाव्या हाताला ब्रेक, कळलं तिला लगेच. इंजिन छान चाललं होतं. इतकं छान की ती मागे वळून ओरडली, "बघा, अशीच खाली जाणार!"

मग पुढे दोन मोठे देवदार दिसले.

हायाशी-सानची मिठी घट्ट झाली.

आणि इंजिन थांबलं.

आचके देत नाही, अडखळत नाही. मधेच कुणी शब्द गिळावा तसं.

शांतता...

बर्फ पडताना थोडा तरी आवाज येतो. झाडावरून भुसभुशीत काही सरकतं, एखादी फांदी कुरकुरते. तिथे काहीच नव्हतं. संपदाला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता.

ती उतरली. स्विच चालू होता, चिकटपट्टी तशीच. पेट्रोल होतं. प्लग कोरडा, तपकिरी, अगदी हवा तसा. कुठे काही बिघडलेलं नव्हतं.

तिने दोरी ओढली.

दोरी हललीच नाही.

दोन्ही हातांनी धरली. पाय लावून मागे झुकली. दोरी सिमेंटमध्ये पुरल्यासारखी. बोटांना काही कळेनासं झालं होतं. हायाशी-सानचा चेहरा कागदासारखा झाला होता.

"गाडी पुढे जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं. हे मला खाली जाऊ देणार नाहीत."

"म्हणजे?"

"जिवंत असतानाही कधी जाऊ दिलं नाही. माझी बहीण त्सुकुबाला राहते. तिच्या मुलीच्या लग्नाला नाही, आई गेली तेव्हा नाही. गाडीची किल्ली यांच्याच खिशात असायची. मी म्हणायचे, दोन दिवस जाऊन येते. हे म्हणायचे, खाली काय ठेवलंय?" त्यांनी दम घेतला. "हे गेल्यावर मी दर वर्षी ठरवते, आता जायचं. सामान बांधते. आणि शेडमधून आवाज येतो... मग मी सामान सोडते. काल सकाळीच बहिणीला फोन केला होता मी. येते म्हणाले होते."

मग तिने त्यांच्या कमरेची शाल सोडली, खांद्याला धरलं आणि खाली उतरवलं.

"तर मग मला नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना सांगा."

हायाशी-सान देवदारांकडे वळल्या. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे... बर्फ पडत होता, पण देवदाराच्या बुंध्याशी एका जागी पडत नव्हता.

त्या आधी वाकल्या, कमरेतून, रीतीप्रमाणे. मग ताठ झाल्या.

आणि ओरडल्या.

संपदाने त्यांना कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या डोंगरी बोलीत बोलत होत्या, तिला अर्धंच कळलं. पण जे कळलं ते असं. तुमचं जेवण, तुमचे कपडे, तुमचं श्राद्ध, सगळं केलं. काही बाकी ठेवलं नाही. आता मी जाणार. मला जगायचं आहे. तुम्ही गावाकडे पाठ करून बसलात, तसेच बसा. मी बसणार नाही.

"मी जाणार!" त्या ओरडल्या. "ऐकलंत? मी जाणार!"

रक्त त्यांच्या बोटांवरून बर्फात गळत होतं.

संपदाने दोरीची मूठ धरली. डोळे मिटले. "सोडा तिला!" ती मराठीत ओरडली. "सोडा म्हणते ना!" आणि सगळ्या अंगाचं वजन टाकून ओढलं...

दोरी सुटली. संपदा पाठीवर आपटली.

टर्रर्रर्रर्र!

तिने हायाशी-सानना पुन्हा मागे बांधलं आणि गाडी सोडली. पुढचा उतार तिला नीट आठवत नाही. फक्त एक आठवतं. वळण मागे पडलं तसा मागून आवाज यायला लागला.

टर्रर्र... फट्... टर्रर्र... फट्...

आपल्या इंजिनाचा नव्हे. दुसऱ्या. ऑइल कमी पडणाऱ्या. तो आवाज ना जवळ येत होता, ना लांब जात होता.

"मागे बघू नका," संपदा ओरडली.

"मी नाही बघत," हायाशी-सान तिच्या पाठीवर गाल टेकून म्हणाल्या. "आता मी मागे बघत नाही."

खाली झाडं संपली तिथे फिरता लाल दिवा दिसला. अॅम्ब्युलन्स, तीन-चार माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे बर्फात रुतत पळत येणारा अंबरीष. संपदाने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

मागचा आवाज चालूच होता...

अंबरीष थबकला. तिच्या खांद्यावरून वर जंगलात बघत म्हणाला,

"तुमच्या मागून दुसरं कोण येतंय?"

आवाज थांबला.

कुणी आलं नाही.

हायाशी-सान वाचल्या. हाताला पुष्कळ टाके पडले, रक्त चढवावं लागलं. बऱ्या झाल्यावर त्या तडक बहिणीकडे त्सुकुबाला गेल्या. लॉजमधलं सामान आणायलासुद्धा परत गेल्या नाहीत. संपदाला फोटो पाठवला होता, दोघी बहिणी नव्या लोकल गाडीसमोर, दोन बोटं वर करून.

इथपर्यंत सगळं ठीक. इथेच संपलं असतं तर मी ही गोष्ट लिहिली नसती.

एप्रिलमध्ये बर्फ वितळला. स्नोमोबाईल खाली गावातच पडून होती. ती मोडीत काढायची म्हणून गावातल्या गॅरेजवाल्याने इंजिन उघडलं, आणि त्याने हायाशी-सानकडून नंबर घेऊन संपदाला फोन केला. तो जरा चाचरतच बोलत होता.

"तुम्ही ही गाडी वरून चालवत आणलीत असं सगळे म्हणतात. माफ करा, पण ते शक्य नाही. पिस्टन सिलिंडरला वितळून चिकटलाय. त्याच्यावर गंज आहे. कित्येक वर्षांचा जुना गंज. हे इंजिन एक इंचसुद्धा फिरू शकत नाही."

"मी पिस्टन वरखाली होताना बघितलाय," संपदा म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी."

"हो, पण—"

"पण बिण नाही. मी चालवली. खाली आणली. तुमचा गंज तुमच्याकडे ठेवा."

फोन आपटला. तिने लगेच हायाशी-सानना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

हायाशी-साननी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सानपादा-सान," त्या म्हणाल्या, "वळणावर तू डोळे मिटून दोरी ओढत होतीस ना... तेव्हा मी बघत होते. तुझ्या हातांवर आणखी एक हात होता. तो ओढत होता. तुझ्याबरोबर."

"तेत्सुओ-सान? म्हणजे शेवटी त्यांनी—"

"नाही." हायाशी-सानचा आवाज अगदी बारीक झाला. "ते झाडापाशी उभे होते. ते मला दिसत होते. तो हात त्यांचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"मला माहीत नाही. मी तो हात आधी कधी बघितला नव्हता."

एवढंच. यापुढे कुणालाच काही माहीत नाही.

संपदा आणि अंबरीष पुढे पुण्याला परतले. मी तिला कितीदा विचारलं, कुणाचा असेल गं तो हात? ती उडवून लावते. "असेल कुणाचाही. कामाला आला ना? मग झालं."

पण गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले होते. भर दुपारी भारनियमन. पंखे बंद, जीव नकोसा झालेला. गच्चीवर त्यांचा छोटा जनरेटर आहे, पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा. ती सुरू करायला गेली, मीही गेले. मी सावलीला दारातच थांबले. ती पार पलीकडच्या कोपऱ्यात.

तिने मूठ धरली आणि थांबली. मागे न बघता, अगदी नेहमीच्या आवाजात, जरा वैतागून म्हणाली,

"सोड. माझं मी ओढते."

मी दारात होते. तिच्यापासून चांगली दहा-बारा हात लांब.

आणि गच्चीवर आम्ही दोघीच होतो...